बाळगुटीचे दोन संच, एक सहाण आणि माझा वजनकाटा

नातीच्या बारशाला अकरा झबली, तीन दुपटी, चांदीचं एक बोंडलं आणि बाळगुटीचा एक डबा असा आहेर आला. डबा मोठा देखणा. वर सोनेरी अक्षरं, आत मखमली कप्पे, कप्प्यांत पंधरा जिनसा आणि मधोमध पांढरीशुभ्र इवलीशी सहाण. किमतीची चिठ्ठी काढायची राहून गेली होती, ६४९ रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही. असेच डबे चार-पाच नावांनी विकायला आहेत आणि मी उघडलाय त्यातला एकच. तर हे परीक्षण त्या डब्याचं, आणि तो फसल्यावर कोल्हापुरात महाद्वार रोडजवळच्या एका बोळातून मी आणलेल्या सुट्या गुटीचं.

माझी एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये गेली. ब्रिक्स (रसात विरघळलेले सगळे घन पदार्थ), पोल (त्यातली साखर), रसाची शुद्धता, मळीत किती साखर गेली, हेच रोजचं. दोन दशांश स्थळांपर्यंत मोजल्याशिवाय मला देवसुद्धा खरा वाटत नाही, असं आमच्या हिचं म्हणणं. ही कागलची. आमची दोन्ही पोरं तिनं गुटीवर वाढवली आणि नातवंडालाही गुटीच मिळणार, हे लेकीला सातवा लागला तेव्हाच ठरवून टाकलं. जुनी सहाण मात्र घर बदलताना कुठं गेली ती गेलीच.

बाळाला तिसरा आठवडा लागला आणि रोज तिन्हीसांजेला तमाशा सुरू झाला. दिवसभर शांत झोपणारं लेकरू दिवेलागणीला गुडघे पोटाशी घ्यायचं, मुठी आवळायचं, तोंड लालबुंद, पोट टमटमीत. रडं नऊ-साडेनऊपर्यंत. मग एक मोठा वारा सरला की एकदम गप्प, जसं काही झालंच नाही. पहिल्या दिवशी हिनं दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी मीठ-मोहऱ्या जास्त घेऊन पुन्हा काढली. तिसऱ्या दिवशी डबा उघडला.

उघडल्यावर हिचा पहिला प्रश्न, "अहो, वास कुठाय?"

गुटीच्या डब्याला वास नसणं म्हणजे उसाच्या फडात चिपाड न सापडणं. वेखंडाचा तुकडा मोडला तर त्याला यायला हवा तो डोक्यात जाणारा उग्र दर्प नाही, नुसती जुन्या कपाटासारखी ओल. खारीक हलवली तर आतून पिठूळ भुसा पडला, म्हणजे किड्यानं आमच्या आधी बारसं जेवून घेतलेलं. अतिविषाच्या कप्प्यात काळपट, केसाळ गाठी. अतिविष मोडलं की आत पांढरं निघतं, हे मोडेना आणि मोडलं तेव्हा आत तपकिरी. माझ्या मते तो नागरमोथा होता, आणि नागरमोथ्याचा वेगळा कप्पा शेजारीच होता, म्हणजे एकच जिन्नस दोन नावांनी बसवलेली. सहाण तर चिनी मातीची, वर चकाकी आणलेली. तिच्यावर हळकुंड दहा वेळा फिरवलं तेव्हा पाणी जेमतेम पिवळसर झालं. आतल्या पत्रकात मात्र बिनधास्त छापलेलं, ‘जन्मल्यापासून रोज प्रत्येकी एक ते दोन वेढे’.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: औषधाचं कांड किंवा फळ ओल्या सहाणेवर एकदा गोल फिरवायचं, तो एक वेढा. बाळाच्या वयाप्रमाणं आणि तक्रारीप्रमाणं वेढे कमी-जास्त. आईच्या दुधात उगाळायचं आणि बोटानं चाटवायचं किंवा बोंडल्यानं पाजायचं. पोट दुखतंय तर मुरुडशेंग जास्त, शौचाला होत नाही तर बाळहिरडा, पातळ होतंय तर मायफळ आणि जायफळ, जंतांना वावडिंग, कफाला काकडशिंगी आणि पिंपळी. हिला हे सगळं पाठ आहे, पाढ्यासारखं.

लेकीनं त्या पत्रकाचा फोटो काढला आणि आम्ही तिघं बाळाला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. बाळाचं वजन नीट वाढत होतं, दूध ओढत होतं. डॉक्टर म्हणाले, हा कॉलिक. दिवसाला तीन तासांवर, आठवड्यात तीन दिवसांवर, तीन आठवड्यांवर रडं चाललं तर त्याला कॉलिक म्हणायचं, असा तिनाचा जुना नियम आहे, १९५४ चा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, दीड महिन्याला अगदी कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप जातं. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. मधाचं बोट तर वर्षभर अजिबात नाही, कारण मधात काही वेळा जिवाणूंची बीजं असतात, ती एवढ्या लहान आतड्यात रुजतात आणि बोटुलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकतो. हिरवी उलटी, शीतून रक्त, ताप किंवा दूध सोडणं, यातलं काही दिसलं तर घरी काही करत बसू नका, रात्र असली तरी उचलून आणा.

ही म्हणाली, "मग आमची पोरं कशी वाढली?"

डॉक्टर हसले. "काकू, तुमच्या हातानं वाढली. गुटीमुळं की गुटी असूनसुद्धा, ते मला नाही सांगता येणार."

घरी येताना रिक्षात कुणी बोललं नाही. रात्री निकाल लागला. सहा महिने गुटी नाही, हे हिला कबूल. पण सामान चांगलं आणून ठेवायचं, सहाण दगडीच हवी, पोटावर लावायला खडा हिंग हवा आणि लेकीला बाळंतशोपा. आणायला मी.

बोळात शिरल्यावर दुकान विचारावं लागत नाही, नाकच नेतं. आत भिंतभर लाकडी खण, पितळी कड्या, वर पत्र्याचे डबे, छताला टांगलेल्या दोऱ्यांचं रीळ. मालक सत्तरीचे, मुलगा शेजारी मोबाइलवर. मी यादी पुढं केली. मालकांनी ती वाचलीच नाही. विचारलं, "बाळ किती दिवसांचं?"

"बावीस."

"मग आत्ता काय नको. सहाण आणि हिंग तेवढा घेऊन जावा."

गिऱ्हाईक यादी घेऊन दारात उभं असताना ‘नको’ म्हणणारा दुकानदार मी बऱ्याच वर्षांनी पाहिला. पाचपैकी चार तारे मी तिथंच मनात देऊन टाकले. पाचवा का दिला नाही ते पुढं येईल.

म्हटलं, मंडळींचा हुकूम आहे, नंतरसाठी न्यायचंय. तेव्हा त्यांनी चष्मा लावला. "नंतर न्यायचं असलं तर ओळखून न्या," म्हणाले आणि गल्ल्यावर वर्तमानपत्र पसरून एकेक खण रिकामा करायला लागले. पुढचा पाऊण तास माझी शाळा भरली.

हिरडा दोन तऱ्हेचा. मोठा, पिवळसर, कंगोरे असलेला तो सुरवारी. बाळहिरडा म्हणजे कोवळ्यातच पडलेली किंवा पाडलेली फळं, वाळून काळी कुळकुळीत, बोटाच्या पेराएवढी. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरातली माणसं उन्हाळ्यात ही गोळा करून विकतात. गुटीत हाच. मुरुडशेंग दाखवली, बारीक दोऱ्या एकमेकींत पिळून वळल्यासारखी, स्क्रूच्या आट्यांसारखी शेंग. पोटात पीळ पडतो त्याला पिळाची शेंग, असा जुन्यांचा हिशेब असावा, हे माझं मत, मालकांचं नव्हे. डिकेमालीची डबी उघडली आणि मुलगा मोबाइलसकट बाहेर गेला. तो हिरवट-पिवळा डिंक आहे, वास इतका घाणेरडा की पोटातले जंत नुसत्या भीतीनं पळत असतील.

मायफळापाशी ते थांबले. मी इतकी वर्षं समजत होतो की जायफळ आणि मायफळ ही भाऊ-भाऊ फळं आहेत. जायफळ फळातली बी, ठीक आहे. मायफळ हे फळच नाही! ओकच्या झाडाच्या कोवळ्या फांदीत एक बारीक माशी अंडं घालते, झाड त्याभोवती गाठ धरतं, ती गाठ म्हणजे मायफळ. आतली माशी पोखरून बाहेर पडली की गाठीला टाचणीच्या टोकाएवढं भोक राहतं आणि माल हलका होतो. बिनभोकाचं, जड, निळसर-करडं घ्यायचं. आमच्या सोनेरी डब्यातल्या दोन्ही मायफळांना भोकं होती, हे मला तिथं उभ्या उभ्या आठवलं. काकडशिंगीही तशीच, किड्यानं झाडावर केलेलं पोकळ शिंग. म्हणजे बाळाच्या गुटीत दोन जिनसा माश्या-किड्यांच्या कृपेनं येतात. हे मी घरी आल्यावर लेकीला मुद्दाम जेवताना सांगितलं.

जायफळात त्यांनी टाचणी खुपसली आणि ओढून दाखवली, टोकाला तेल. अतिविष तीन ग्रॅमच दिलं, ते हिमालयातून येतं आणि भाव ऐकून मीच हात आखडला. मोडून दाखवलं, आत खडूसारखं पांढरं. जिभेला लावलं तर कडूजहर, चहा पिईपर्यंत तोंड कडू. हिंगाचे दोन नमुने ठेवले. स्वयंपाकाचा बांधणीचा हिंग म्हणजे पीठ आणि डिंक घालून सौम्य केलेला, आणि खडा हिंग म्हणजे अफगाणिस्तान-इराणकडून येणारा झाडाचा खरा चीक. आपल्याकडं हिंग इतका लागतो आणि त्याची लागवड आता २०२० साली कुठं हिमाचलातल्या लाहौलमध्ये सुरू झाली, हे मी त्यांना सांगितलं. पाऊण तासात मला माहीत असलेली तेवढी एकच गोष्ट निघाली.

चौदा पुड्यांचे ३८५ रुपये, दगडी सहाणेचे वेगळे २२०. आता तक्रारी. पुड्यांवरची नावं पेन्सिलीनं, आणि अक्षर असं की घरी आल्यावर पुन्हा सगळं ओळखावं लागलं. ज्या घरात लहान मूल आहे तिथं औषधाच्या पुडीवर ‘पिं.’ एवढंच लिहून चालत नाही, पिंपळी की पिंपळमूळ? दुपारी एक ते चार दुकान बंद, त्याची पाटी नाही, पहिल्या दिवशी मी उन्हात परत आलो होतो. आणि डिकेमाली सगळ्यांबरोबर एकाच कागदी पिशवीत घातली. केएमटीच्या बसमध्ये माझ्या शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहिली.

घरी आल्यावर मी माझा सोनारी काटा काढला. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो, निवृत्तीनंतर सातशे रुपयांना घेतला तेव्हापासून घरात चेष्टेचा विषय आहे. मला एवढंच पाहायचं होतं की एक वेढा म्हणजे किती. जायफळाचं वजन केलं. हिनं नव्या सहाणेवर दहा वेढे दिले. जायफळ पुसून, रात्रभर पंख्याखाली वाळवून सकाळी परत वजन. ०.०३ ग्रॅम घट. मग मी दहा वेढे दिले, पुन्हा वाळवण, ०.०८ ग्रॅम. तिसऱ्या दिवशी लेकीनं दिले. आदल्या रात्री बाळानं तिला दोनपर्यंत जागवलं होतं आणि जावयांचा पुण्याहून फोन आला नव्हता. ०.११ ग्रॅम. सोनेरी डब्यातल्या गुळगुळीत सहाणेवर काट्यानं काहीच दाखवलं नाही, शून्य. वेखंडावर हाच प्रयोग बिनसला, ते तंतुमय असल्यानं पाणी पिऊन फुगतं आणि वजन घटायच्या जागी वाढतं.

म्हणजे तेच जायफळ, तीच सहाण, तेवढेच वेढे आणि औषध जवळजवळ चौपट. कारखान्यात असा फरक आला असता तर मी शिफ्ट केमिस्टला केबिनमध्ये बोलावलं असतं. आणि जायफळ ही खेळण्याची चीज नाही. जास्त झालं की बाळ शांत झोपतं, पण ती गुंगी. आई म्हणते गुण आला. वेखंड जास्त झालं की उलट्या. अमेरिकेत तर वेखंड खाण्याच्या पदार्थांत घालायला १९६८ पासून बंदी आहे, त्याच्या तेलातल्या ॲसरोन नावाच्या घटकामुळं. लेकीनं हे मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा हिचं उत्तर तयार होतं, "अमेरिकेला हळद आत्ता परवा कळली."

माझे आकडे मात्र हिनं नीट वाचले. वहीत दोनदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "माप हातात असतं. म्हणून गुटी आजी देते, बाप देत नाही."

याला माझ्याकडं उत्तर नाही. तिचा हात खरोखरच हलका आहे, काटा तेच म्हणतो. पण पत्रकावर छापताना कंपनीला कुठं ठाऊक असतं की सहाणेवर कुणाचा हात आहे?

हिंगाबद्दल डॉक्टरांना फोन करून विचारलं होतं. "पोटावर चालेल, पोटात नाही. कातडी लाल झाली तर तेही बंद." बाळाची नाळ पडून बेंबी सुकलेली होती. मसुराएवढा खडा हिंग दोन चमचे कोमट पाण्यात विरघळवायचा, बेंबीभोवती बोटानं घड्याळाच्या काट्याप्रमाणं गोल फिरवायचा, मग तळहात चोळून ऊब आणून पोटावर नुसता ठेवायचा. पाय सायकलसारखे हलवायचे. दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर येईपर्यंत फिरायचं, हे काम माझं.

तीन दिवस हिंग लावून आणि तीन दिवस नुसत्या कोमट हातानं, असं मी रडण्याचं टाचण ठेवलं. हिंगाच्या दिवसांत सरासरी ७० मिनिटं, बिनहिंगाच्या दिवसांत ६५. हिनं हा प्रयोग बाद ठरवला. म्हणाली, घरात आधीच एवढा हिंगाचा वास भरलाय की बिनहिंगाचा दिवस असा राहिलाच कुठं?

मधल्या काळात शेजारच्या वहिनींनी ग्राइप वॉटरची बाटली आणून दिली. डॉक्टरांच्या ‘फक्त दूध’मध्ये तीही बसत नव्हती, तेव्हा उघडली नाही. पण त्यावरून एक गंमत कळली. हे पाणी पहिल्यांदा केलं १८५१ मध्ये इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी, आणि त्यातलं मुख्य तेल शेपूचं. आपल्या बाळंतशोपा म्हणजे त्याच शेपूचं बी. फरक एवढाच की तिकडं ते बाळाला पाजत आले आणि आपण जेवणानंतर भाजलेल्या बाळंतशोपा बाळंतिणीला देतो. पूर्वी त्या पाण्यात अल्कोहोलही असायचं, इंग्लंडमध्ये ते १९९२ मध्ये काढलं. आमच्या कारखान्याला डिस्टिलरी होती, त्यामुळं मला त्या काळच्या बाळांच्या गाढ झोपेचं फारसं आश्चर्य वाटलं नाही.

दीड महिन्याच्या सुमारास दोन आठवडे फार वाईट गेले. त्याबद्दल लिहित नाही, ज्यांनी काढलेत त्यांना माहीत आहे. मग साडेतीन महिन्यांचं झालं आणि एका संध्याकाळी दिवा लावून झाला, आरती झाली, बातम्या संपल्या, तेव्हा लक्षात आलं की बाळ पंख्याकडं बघत पडलंय. दुसऱ्या दिवशीही तेच. ही म्हणते हिंग. डॉक्टर म्हणतात वय. लेक म्हणते तिनं वाटाण्याची उसळ सोडली म्हणून. वहिनींचं म्हणणं, बाटली घरात आली तेव्हापासूनच फरक.

सोनेरी डब्याला पाचपैकी एक तारा, तोही डब्याला. आता त्यात माझे स्क्रू आणि वॉशर असतात, कप्पे फार सोयीचे आहेत. कुणी बारशाला असा डबा देणार असाल तर त्याऐवजी दुपटी द्या, ती कधी पुरत नाहीत. बोळातल्या दुकानाला चार, आणि पुडीवर पूर्ण नाव नि तारीख लिहायला लागले तर पाच. गुटीला औषध म्हणून तारे देणं मला जमणार नाही, कारण ती बाळाच्या पोटात गेलीच नाही. सहा महिने पूर्ण झाले तेव्हा हिनं सहाण धुऊन, उन्हात वाळवून ठेवली होती. डॉक्टरांना पुन्हा विचारलं तर ते म्हणाले, आता मऊ भात, वरण, नाचणीची पेज सुरू करा. ते सुरू झालं, आणि बाळाला पेज इतकी आवडली की सहाणेचा विषय मागं पडला. ही दोन दिवस गप्प होती.

पुड्या आता काचेच्या बरणीत आहेत, मी नावं छापून चिकटवलीत. डिकेमाली गॅलरीत. जायफळ श्रीखंडाला लागलं, ज्येष्ठमध माझ्या खोकल्याला. गेल्या रविवारी जावई आले होते म्हणून तांबडा-पांढरा झाला, आणि मी वयाचा विचार न करता तीन वाट्या पांढरा प्यालो. रात्री अकराला पोट धरून बसलो. ही उठली, सहाण घेतली, सुंठ आणि बाळहिरडा काढला.

"किती वेढे?" मी विचारलं.

"गप्प बसा," म्हणाली आणि मोजायला लागली. मी काटा काढला नाही.